अवधूत मैदानात कधी येतो

आपल्याच मुलाचा संघ अडकावा, पुन्हा पुन्हा अडकावा, म्हणून देवाला मनातल्या मनात साकडं घालणारी आई कुठे असते का? मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरात होती. नाव सुचित्रा आगाशे, वय पन्नाशीला टेकलेलं, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. स्वभाव असा, की घरात नवा मिक्सर आला तर आधी तो कुठे बंद पडतो ते बघायचं, चटणी नंतर.

तिचा एकुलता एक मुलगा अवधूत अमेरिकेत कॉलेजकडून तिकडचा, हेल्मेट घालून खेळायचा फुटबॉल खेळत होता. आता आगाश्यांच्या घराण्यात कॅरमच्या पलीकडे कुणी गेलेलं नाही, मग हे कसं झालं? तर झालं शाळेमुळे. चांगल्या शाळेच्या झोनमध्ये यायचं म्हणून सुचित्रा आणि तिचा नवरा श्रीनाथ यांनी ऐपतीबाहेरचं घर घेतलं, आणि पोरगं त्या शाळेत गणित सोडून बॉल लाथाडायला शिकलं. इथला फुटी, लांबुडक्या बॉलचा. अवधूतची किक अशी लांब जायची, की शेजारच्या मैदानावरचे लोक बॉल परत आणून द्यायला कंटाळायचे. मग कुणा कोचने पाहिलं आणि सांगितलं की अमेरिकेतल्या कॉलेजांना अशी ऑस्ट्रेलियन पोरं लाथ मारायला हवी असतात, पूर्ण स्कॉलरशिप मिळते. फुटबॉल म्हटल्यावर श्रीनाथच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. इंजिनीअरिंगची फी माफ म्हटल्यावर त्याने कोचला स्वतःच्या हाताने चहा करून दिला.

वीस सालच्या जानेवारीत अवधूत गेला. जूनमध्ये आपण जाऊच की, असं म्हणत सुचित्रा विमानतळावर रडलीसुद्धा नाही. मार्चमध्ये देशाचं दार बंद झालं. बाहेरच्यांना आत नाही इतकंच नव्हे, आतल्यांनाही बाहेर नाही. तिने परवानगी मागून पाहिली, तर कारण सबळ नाही म्हणून नकार. मुलगा बघायचा आहे यापेक्षा सबळ कारण कसलं असतं, हे तिने त्या आठवड्यात दिसेल त्याला विचारलं. श्रीनाथ बिचारा प्रत्येक वेळी मान हलवायचा. पावणेदोन वर्षं झाली. मेलबर्नचा सहावा लॉकडाऊन चालू होता, आणि जिला अमेरिकेला जायचं होतं तिला भाजीलासुद्धा ठरलेल्या किलोमीटरच्या आत राहून जावं लागत होतं.

पहिलं वर्ष अवधूत बाकावरच बसून होता. यंदा त्याला मैदानात उतरवायला लागले, तेव्हा इथलं सगळं मराठी मंडळ झूमवर जमलं. गणपतीची आरती झूमवर झाली होती, मंगळागौर झूमवर झाली होती, मग फुटबॉलने काय घोडं मारलंय! अवधूत धावत मैदानात आला, त्याने बॉल आभाळात उडवला, आणि इकडे मंडळातल्या वासंतीकाकूंनी थाळी वाजवली. पुन्हा आला, पुन्हा थाळी. सहाव्यांदा आला तेव्हा वासंतीकाकू म्हणाल्या की पोरगं अगदी आधारस्तंभ आहे हो संघाचा, सारखं त्यालाच बोलावतात. आणि तो सामना अवधूतचा संघ सडकून हरला.

असं कसं झालं, म्हणून सुचित्राने कान टवकारले. ती शोधायला बसली आणि दुपारपर्यंत तिने छडा लावला. भानगड अशी होती, की या खेळात दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. तीन संधी फुकट गेल्या, की शहाणा संघ चौथीचा जुगार खेळत नाही. तो बॉल लाथाडून समोरच्याला लांब पाठवून देतो. हे लाथाडणारा तो पंटर. म्हणजे अवधूत. म्हणजे अवधूत मैदानात येतो तो संघ अडकतो तेव्हाच. सगळं मंडळ इतके दिवस आपल्याच संघाच्या फजितीवर थाळ्या वाजवत होतं! श्रीनाथ हसून हसून सोफ्यावरून घसरला. सुचित्रा मात्र हसली नाही. तिच्या डोक्यात वेगळंच गणित सुरू झालं होतं.

कारण काय, तर ऑगस्टपासून अवधूत कॅमेरा लावत नव्हता.

आधी रोज व्हिडिओवर बोलणारं पोरगं. एकदम म्हणायला लागलं की हॉस्टेलचं वायफाय गंडलंय. फोन करायचा, मेसेज करायचा, 'ऑल गुड, आई' म्हणायचा, पण तोंड दाखवायचा नाही. सीझनचे पहिले दोन सामने तर तो मैदानातच आला नाही. कोच आळीपाळीने खेळवतोय, असं त्याचं म्हणणं. श्रीनाथ म्हणाला, वीस वर्षांचा मुलगा आहे, आईला रोज काय तोंड दाखवायचं, आपण दाखवत होतो का? पण ज्या वायफायवर सिनेमे दिसतात त्यावर चेहरा का दिसू नये, हे सुचित्राला पटेना. आयुष्यभर लोकांनी तिला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' असं सांगितलं होतं, आणि तिने त्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता.

तेव्हा राहिला टीव्ही. पण टीव्हीवर तरी काय दिसणार? डोक्यावर हेल्मेट, आणि किक मारली रे मारली की कॅमेरा पळतो बॉलच्या मागे. बॉल काय बघायचाय! ती रेकॉर्डिंग थांबवून थांबवून पाहायची. जर्सी ढगळ दिसते का? खांदे उतरलेत का? श्रीनाथ म्हणायचा, मोठ्या मापाची दिली असेल. मग तिच्या एक गोष्ट लक्षात आली. सामन्यात पंटर तीन-चारदा येऊन गेला, की कॉमेंट्री करणाऱ्यांना त्याच्याबद्दल काहीतरी बोलावं लागतं. अरे, हा तर मेलबर्नचा, असं म्हणून ते बाकावर पाणी पिणारा मुलगा जवळून दाखवतात. हेल्मेट काढलेला. दुसऱ्या संघांच्या सामन्यांत तिने हे पाहिलं होतं. म्हणजे आपला संघ पुरेसा अडकला, तर आपल्याला अवधूतचा चेहरा दिसणार. झालं, बाईने देवाला साकडं घातलं.

आता आला ऑक्टोबर, आणि आली किटलीची मॅच. अवधूतचं कॉलेज आणि नदीपलीकडचं कॉलेज एकाच कॉन्फरन्समधली. कॉन्फरन्स म्हणजे काय, तर दरवर्षी आपापसातच भांडायचं असं ठरवून बसलेल्या कॉलेजांचं टोळकं. ही दोन कॉलेजं शंभराहून जास्त वर्षं भांडतायत आणि जिंकणाऱ्याला मिळते एक दुधाची किटली. सोन्याची नाही, चांदीची नाही, पत्र्याची, पोचे आलेली. कुणा शेतकऱ्याची पहिल्या सामन्याच्या वेळी मैदानात राहून गेली होती म्हणे. अवधूतच्या संघाला ती सहा वर्षं मिळाली नव्हती. सुचित्राला या किटलीचं विलक्षण कुतूहल वाटलं. दूध कुणाचं होतं, शेतकऱ्याने ती परत मागितली नाही का, जिंकलेले लोक ती घासतात का, असले प्रश्न तिने अवधूतला मेसेजवर विचारले. त्याचं उत्तर आलं, 'आई, इट्स जस्ट अ कॅन.'

खेळाडूंच्या पालकांचा तिकडे एक ग्रुप होता. किटलीच्या आठवड्यात त्यांची एक रीत, की एका पालकाने सामन्याचं भाकीत करायचं. कोण कुठे भारी, कोण कुठे कच्चं, काय होईल, सगळं चार-पाच मिनिटांच्या व्हिडिओत सांगायचं आणि ग्रुपवर टाकायचं. ग्रुप चालवायची डार्लीन नावाची बाई. तिचा मुलगा केड हा संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हातून प्रत्येक चाल सुरू होते तो. डार्लीन कॉलेजच्याच गावात राहायची आणि दर गुरुवारी संघातल्या पोरांना घरी जेवायला घालायची. यंदाचं भाकीत सर्वांत लांब राहणाऱ्या पालकाने करावं, असं तिनेच सुचवलं. श्रीनाथने लगेच शर्टाला इस्त्री केली. खेळातलं आपल्याला कळतं, असं क्रिकेट पाहणाऱ्या प्रत्येक पुरुषाला वाटतंच. पण डार्लीनने स्पष्ट लिहिलं होतं की वडिलांनी नाही, आईने करावं. श्रीनाथने इस्त्रीचा शर्ट परत टांगला आणि दोन दिवस तो जरा घुश्शातच होता.

सुचित्रा कामाला लागली. ऑफिसच्या सकाळच्या मीटिंगा कान देऊन ऐकायच्या आणि डोळे दुसऱ्या स्क्रीनवर, दोन्ही संघांच्या जुन्या सामन्यांवर. पोळ्या लाटताना मोबाईल कणकेच्या डब्याला टेकवलेला. प्रत्येक चालीआधी पोरं गोल करून काय कुजबुजतात, कोच बोलताना तोंडापुढे कागद का धरतात, बॉल पडला की एवढाली धिप्पाड पोरं त्याच्यावर लोटांगण का घालतात, सगळं तिला समजून घ्यायचं होतं. आणि समजून घेताना ती तिच्या सवयीने एकच गोष्ट शोधत होती, हे मोडतं कुठे? तिला ते सापडलंही. अवधूतच्या संघाची डावी बाजू. केडच्या पुढे भिंतीसारखी उभी राहणारी जी पाच पोरं असतात, त्यांतली डावीकडची दोन चाल सुरू झाली की ओणव्यातून दर वेळी निमिषभर उशिरा उठत होती. नदीपलीकडच्यांचा सगळ्यांत दांडगा खेळाडू नेमका त्याच बाजूने घुसायचा.

तिने साडी नेसून व्हिडिओ केला. मागे गणपतीच्या वेळचं तोरण अजून होतं. तिच्या इंग्रजीत तिने शांतपणे सांगितलं की आपली डावी बाजू फुटणार, केडला बॉल फेकायला वेळ मिळणार नाही, आणि आपण निदान सहा वेळा अडकणार. इथवर ठीक होतं. इथेच थांबायचं की नाही? पण बाईंनी पुढे म्हटलं, की मला तुम्हा सगळ्यांची क्षमा मागायची आहे, कारण आपण अडकावं असं मला वाटतं. माझा मुलगा तेव्हाच बाहेर येतो. मी त्याला पावणेदोन वर्षांत पाहिलेलं नाही, आणि हल्ली तो मला चेहरा दाखवत नाही.

व्हिडिओ ग्रुपवर गेला आणि त्यावर एक लाल बदामसुद्धा उमटला नाही. एरवी कुणी डोनटचा फोटो टाकला तरी तीस बदाम उमटायचे. श्रीनाथने व्हिडिओ पाहिला आणि कपाळाला हात लावला. अगं, क्वार्टरबॅकच्या आईच्या ग्रुपवर तू तिचा मुलगा तोंडावर आपटावा असं म्हणालीस, असं त्याने सावकाश समजावून सांगितलं. संध्याकाळी अवधूतचा मेसेज आला, 'आई, सिरियसली? द होल टीम सॉ इट.' आणि डार्लीनचं उत्तर आलं ते फक्त दोन शब्दांचं, बघू या. बघू या म्हणजे काय? रागाने की कसं? सुचित्राने तो मेसेज इतक्या वेळा वाचला, की श्रीनाथने तिच्या हातून फोन काढून घेतला.

सामना तिकडे शनिवारी संध्याकाळी, म्हणजे इकडे रविवारी सकाळी अकराला. मंडळ पुन्हा झूमवर. आता सगळ्यांना नियम माहीत झालेले, त्यामुळे वासंतीकाकूंनी थाळी लांब ठेवली होती. सुचित्रा टीव्हीपासून हातभर अंतरावर खुर्ची ओढून बसली. पोहे निवून गेले.

आणि गंमत बघा, संघ अडकेचना. पहिल्या चालीला त्या डावीकडच्या दोन पोरांनी नदीपलीकडच्या दांडग्याला असा उचलून बाजूला ठेवला, की झूमवर श्रीनिवास नावाचा एरवी न बोलणारा माणूससुद्धा वा म्हणाला. केडने निवांत बॉल फेकला. दहा यार्ड, आणखी दहा, थेट शेवटच्या रेषेपलीकडे. पुन्हा बॉल मिळाला, पुन्हा तेच. सुचित्राला वाटलं, पहिली पाच मिनिटं असं होतं, नंतर दमतील. दमले ते दुसरे. डाव्या बाजूला एक फट पडेना. मध्यंतर झालं तरी अवधूत बाकावरच. कॅमेरा एकदा बाकावरून फिरला, पण तिथे एका ओळीत हेल्मेटंच हेल्मेटं, आणि सुचित्रा त्यांतलं तिचं कोणतं ते ठरवेपर्यंत जाहिरात लागली.

दुसऱ्या अर्धात श्रीनाथ उभा राहून नाचत होता. वासंतीकाकूंनी थाळी परत जवळ घेतली होती. सुचित्राही टाळ्या वाजवत होती, नाही असं नाही. सहा वर्षांनी किटली मिळतेय, पोराच्या संघाची किटली. पण तिला स्वतःचाच राग येत होता. आपला संघ जिंकतोय आणि आपण हळहळतोय, ही कसली आई? शेवटची शिट्टी झाली. हजारो लोक मैदानात घुसले, पत्र्याची किटली डोक्यांवरून नाचत निघाली, आणि त्या गर्दीत कोण कुठे आहे हे कुणालाच दिसेना. अवधूत सबंध सामन्यात एकदाही मैदानात आला नाही. सुचित्राने झूमचा आवाज बंद केला आणि ती गार पोह्यांची बशी घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिथे ओट्याला टेकून ती रडली. विमानतळावर जे राहून गेलं होतं, तेही त्यात आलं.

तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल. डार्लीन.

न घेण्यासारखंच होतं. आता ही आपलं भाकीत आपल्या तोंडावर मारणार, असं सुचित्राला वाटलं. पण मारू दे, चूक आपलीच, असं म्हणून तिने डोळे पुसून फोन घेतला. समोर लाल गालांची, टोपी तिरकी झालेली बाई होती आणि मागे कान किटतील असा गोंगाट. ती ओरडून सांगत होती की कोचने गुरुवारी सुचित्राचा व्हिडिओ सगळ्या संघाला मोठ्या पडद्यावर दाखवला. ऑस्ट्रेलियातली साडीतली बाई म्हणते तुमची डावी बाजू फुटणार, असं म्हणून त्या दोन पोरांना त्याने सगळ्यांपुढे उभं केलं. दोघं काल रात्रीपर्यंत फक्त पटकन उठायची प्रॅक्टिस करत होती. पंचवीस वर्षांच्या नोकरीत तिने दाखवलेला दोष कुणी दोन दिवसांत दुरुस्त केला नव्हता, आणि केला तो नेमका आज.

"मला माफ कर," ती म्हणाली, "तुझ्या केडबद्दल मी असं बोलायला नको होतं."

डार्लीनने हात झटकला. तिचा चेहरा एकदम गंभीर झाला. "तुझ्या मुलाने माझ्याकडून वचन घेतलंय की मी तुला काही सांगायचं नाही," ती म्हणाली. "मी सांगणार नाही. पण दाखवायचं नाही, असं वचन मी दिलेलं नाही."

फोन हलला. गवत दिसलं, कुणाचे तरी बूट दिसले, आणि मग समोर आलं एक हेल्मेट. आतून दोन डोळे. ओळखीचे.

"आई, हाय," हेल्मेट म्हणालं. "वुई वन."

"हेल्मेट काढ," सुचित्रा म्हणाली.

"आई, इट्स रिअली लाऊड हिअर, आय विल कॉल यू..."

"अवधूत. काढ."

त्याने काढलं. गाल बसलेले. गळ्याची हाडं वर आलेली, केस बारीक कापलेले, डोळ्यांखाली काळं. बावीस-तेवीस किलोंची बॅग सहज उचलणारा धडधाकट मुलगा तिने पाठवला होता, आणि समोर शाळेतून दमून आल्यासारखं पोर उभं होतं. श्रीनाथ मागे येऊन उभा राहिला होता.

मग अवधूत मराठीत बोलायला लागला. एरवी आईने मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारा मुलगा. ऑगस्टमध्ये कोविड झाला होता, लस घेऊनही. बरेच दिवस खोलीत एकटा होता. उठवत नव्हतं, खाल्लेलं राहत नव्हतं. डार्लीन दोन्ही वेळा दाराशी सूपचा डबा ठेवून जायची आणि दाराबाहेर उभी राहून त्याने खाल्लं की नाही ते विचारायची. आता बराय, खरंच बराय, पळतो, किक मारतो, फक्त वजन भरून यायचंय.

"मग मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"सांगून तू काय केलं असतंस?" तो म्हणाला. "तू येऊ शकली नसतीस. नुसती तिकडे बसून राहिली असतीस, रोज."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच ते तिच्या जिव्हारी लागलं. तिला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याला मांडीवर घेऊन बसावंसं वाटलं, दोन्ही एकदमच. आणि फोन धरून उभी होती डार्लीन. तिच्या पोटच्या पोराला त्या बाईने जगवलं होतं, आणि हिने तिच्या पोराची फजिती मागितली होती. थँक यू हा शब्द तिने इतक्यांदा म्हटला की त्याला काही अर्थच उरला नाही.

मग तिने डोळे पुसले आणि ती तिच्या कामाला लागली. वळ, म्हणाली. तो वळला. हात वर कर. त्याने केले. लांबवर जाऊन परत ये, चालताना दम लागतो का बघू. भोवती सगळं गाव नाचतंय, डोक्यांवरून किटली चाललीय, आणि अमेरिकन कॉलेजचा पंटर आईसमोर मुकाट्याने येरझाऱ्या घालतोय. जीभ दाखव, म्हणाली. त्याने तीही दाखवली. मागून कुणी तरी पोरं हसली, पण तो थांबला नाही.

शेवटी अवधूत हळूच म्हणाला, "आई, पुरे आता. डार्लीनचा हात दुखत असेल फोन धरून."

"दुखू दे," सुचित्रा म्हणाली. "तिला सांग, अजून थोडा वेळ धर."